श्रावण संपल्यावर

येत्या अमावस्येला घरोघरी समया-निरांजने घासूनपुसून पाटावर मांडली जातील, कणकेचे गोड दिवे उकडले जातील आणि दिव्यांची पूजा होईल. पण या अमावस्येचे दुसरे नाव, गटारी, जास्त जोरात घेतले जाते. गटारीच्या आधीच्या रविवारी मटणाच्या दुकानांपुढे भल्या सकाळपासून रांगा लागतात, कर्जत-खोपोलीपासून मुळशीपर्यंतची फार्महाऊस आधीच भरून गेलेली असतात आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाची भरारी पथके रस्त्यावर उतरतात. श्रावण लागण्याआधी खाऊनपिऊन घ्यायचे, हा त्यामागचा हिशेब. ज्यांच्यासाठी ही वर्षातल्या एका रविवारची मजा असते, त्यांच्याविषयी येथे काही म्हणायचे नाही. हा लेख वेगळ्या घरांविषयी आहे. त्या घरांत गटारीची धास्ती असते आणि श्रावणाची वाट पाहिली जाते, कारण वर्षातला तेवढा एकच महिना घरातला माणूस संध्याकाळी शुद्धीवर घरी येतो.

‘श्रावणात शिवतसुद्धा नाहीत हो,’ असे त्या घरातली बाई शेजारणीला सांगते तेव्हा त्या सांगण्यात थोडा अभिमानही असतो. काही घरांत ही मुदत गणपतीपर्यंत, अनंत चतुर्दशीपर्यंत लांबते. मुलांच्या फिया, वाण्याची उधारी, माहेरच्यांना जेवायला बोलावणे, रखडलेली सगळी कामे त्या दिवसांत उरकून घेतली जातात. मग विसर्जनाची रात्र येते आणि पुढच्या आषाढापर्यंतचे दहा-साडेदहा महिने त्या घराला कोणी विचारत नाही.

‘मनात आणले तर मी केव्हाही सोडू शकतो. श्रावणात सोडतो की नाही?’ इतके खरे आणि इतके फसवे वाक्य दुसरे नसेल. खरे अशासाठी, की तो खरोखर सोडतो, आणि त्या सोडण्यात त्याची श्रद्धा असते, कष्ट असतात. फसवे अशासाठी, की या महिन्याची शेवटची तारीख त्याला पहिल्याच दिवशी माहीत असते. तीस दिवस न पिण्यासाठी लागणारा जोर त्याच्यात आहे; एकतिसाव्या दिवशी, कोणतेही व्रत पाठीशी नसताना, साध्या मंगळवारी संध्याकाळी सात वाजता काय करायचे हे त्याला कोणी शिकवलेले नाही. दारूतून बाहेर पडलेली माणसे याविषयी एकमताने बोलतात: सोडायला आम्हीही पुष्कळ वेळा सोडली, पुन्हा उचलायची नाही हे जमत नव्हते. या अग्रलेखाचा विषय तो एकतिसावा दिवस आहे, आणि त्या दिवशी जायला महाराष्ट्रात एक जागा आहे, हे सांगणे आहे.

त्याआधी एक सावधगिरी, कारण ती जिवाशी संबंधित आहे. जो माणूस वर्षानुवर्षे रोज आणि भरपूर पितो, ज्याचे हात सकाळी थरथरतात आणि पहिला घोट घेतल्यावरच थांबतात, त्याने अमावस्येच्या रात्रीनंतर प्रतिपदेला एकदम बंद करणे धोक्याचे असते. दारूला सरावलेल्या मेंदूवरचा तो दाब अचानक निघाला की काही तासांत घाम, थरथर, ओकाऱ्या सुरू होतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काही जणांना भास होतात, अंगावर किडे चालल्यासारखे वाटते, माणसे ओळखू येत नाहीत. आपल्याकडे याला पुष्कळदा बाहेरची बाधा समजून अंगारा लावला जातो. ही वैद्यकीय आणीबाणी आहे, उपचार न झाल्यास माणूस दगावू शकतो, आणि वेळेवर उपचार मिळाले तर ती टाळता येते. म्हणून अशा माणसाने श्रावण पाळायचा असेल तर आधी डॉक्टरला, शक्यतो मानसोपचारतज्ज्ञाला गाठावे आणि आपण किती पितो हे खरे सांगावे.

हा प्रश्न किती मोठा आहे? केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या ‘एम्स’कडून देशभर पाहणी करून घेतली. तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. दहा ते पंचाहत्तर वयोगटातले १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी भारतीय दारू पितात आणि त्यांतल्या पावणेसहा कोटींच्या आसपास लोकांना त्या पिण्यासाठी मदतीची गरज आहे, असे त्यात नोंदवले आहे. त्याच अहवालातला एक आकडा अधिक अस्वस्थ करतो. दारूवर पूर्ण अवलंबून झालेल्या अडतीस जणांपैकी जेमतेम एकाला कोणत्या ना कोणत्या प्रकारची मदत मिळाली होती. उरलेल्या सदतीस जणांनी काहीच केले नसेल असे मात्र नाही. त्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी पुष्कळ काही केलेले असते.

काय काय केलेले असते ते आपल्या गावाकडे पाहिले की कळते. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतलेली असते, देवापुढे बेलभंडारा उचललेला असतो. भावांनी मिळून त्याला खोलीत कोंडलेले असते. एसटी स्थानकांच्या भिंतींवर आणि लोकलच्या डब्यांत ज्या जाहिराती चिकटवलेल्या असतात, ‘पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा’, त्यावरचा नंबर फिरवून कोणीतरी पुड्या मागवलेल्या असतात आणि त्या आमटीत कालवलेल्या असतात. त्या पुडीत काय असते हे ना देणाऱ्याला ठाऊक, ना कालवणाऱ्या बाईला. कधी त्यात डायसल्फिराम निघते. हे औषध खरे आहे, डॉक्टर ते देतात. पण ते घेतल्यावर दारू प्यायली तर छाती धडधडते, चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो आणि जीवही जाऊ शकतो. म्हणूनच रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन, त्याची संमती घेऊनच ते द्यायचे असते. नवऱ्याच्या जेवणात गुपचूप पुडी कालवणाऱ्या बाईला दोष देववत नाही. तिच्यापर्यंत ती भिंत पोहोचली, दुसरे काही पोहोचलेच नाही.

या सगळ्या उपायांत एक उपाय मात्र वेगळा, आणि त्याच्याकडे आदराने पाहिले पाहिजे. तो म्हणजे माळ. पंढरीची तुळशीमाळ गळ्यात घातली की दारू आणि मांसाहार सुटला, हे आपल्या खेड्यापाड्यांत शेकडो वर्षे चालत आले आहे, आणि माळेने सावरलेली माणसे प्रत्येक तालुक्यात सापडतील. नुकतीच आषाढी झाली, तेव्हाही कित्येकांनी घातली असेल. पण ज्यांची माळ टिकली आणि ज्यांची काही महिन्यांत खुंटीवर गेली, त्यांत फरक कशाचा असतो हे जवळून पाहिले तर असे दिसते, की टिकलेल्यांना गावात भजनी मंडळ होते. संध्याकाळी टाळ घेऊन बसायला जागा होती. पंधरा दिवसांनी एकादशी येत होती, वर्षाला वारी येत होती, दिंडीत आपली ठरलेली ओळ होती, आणि चार दिवस दिसला नाही तर ‘का रे आला नाहीस’ म्हणून दारात येणारा माळकरी होता. माळेने निश्चय दिला, पण तो रोज संध्याकाळी उचलून धरला तो त्या मंडळींनी. शहरात खोली घेऊन राहणाऱ्या, पाळीत काम करणाऱ्या, गावाशी नाते तुटलेल्या माणसाला माळ मिळू शकते. तिच्याबरोबरची मंडळी मिळत नाहीत.

पिण्यासाठी मंडळी मिळायला मात्र काही कष्ट लागत नाहीत. नाटककार गडकऱ्यांनी हे शंभर वर्षांपूर्वी पाहिले होते. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’मध्ये सुधाकरला बुडवणारी दारू आहेच, पण तिच्यामागे तळीराम आहे आणि तळीरामाचे ‘आर्य मदिरा मंडळ’ आहे. त्या मंडळात कोणालाही प्रवेश आहे, तेथे कोणी जात विचारत नाही, कोणी नालायक ठरवत नाही. बाहेर अपमान झालेल्या माणसाला तेथे लगेच जागा मिळते. सुधाकरपाशी बुद्धी आहे, सिंधूसारखी पत्नी आहे, काळजी वाहणारी माणसे आहेत. मात्र दारू सोडलेल्या आणि त्याविषयी आपल्याशी रोज बोलणाऱ्या माणसांची सोबत त्याला नाही. पिणाऱ्यांचे मंडळ आहे, न पिणाऱ्यांचे नाही. मराठी माणसाने त्या नाटकावर पिढ्यान् पिढ्या अश्रू ढाळले आणि सुधाकरच्या दुबळ्या मनावर पुष्कळ लिहिले. हे रिकामेपण मात्र फारसे कोणाच्या नजरेला आले नाही.

ते रिकामेपण भरण्याची एक वाट त्या नाटकानंतर सोळा वर्षांनी, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ॲक्रन नावाच्या टायरच्या कारखान्यांच्या गावी सापडली. बिल विल्सन हा न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातला माणूस. दारूने सगळे घालवून झाल्यावर डिसेंबर १९३४ मध्ये रुग्णालयात दाखल होऊन त्याने ती सोडली होती. पुढचे पाच महिने तो इतर दारुड्यांना समजावत हिंडला. त्यांच्यातला एकही सुटला नाही, पण तो स्वतः कोरडा राहिला. मे १९३५ मध्ये एका व्यवहारासाठी तो ॲक्रनला आला. व्यवहार फसला. शनिवारची संध्याकाळ, परके गाव, खिशात तुटपुंजे पैसे, आणि मेफ्लॉवर हॉटेलच्या दिवाणखान्याच्या एका टोकाला बारमधून येणारे हसण्याबोलण्याचे आवाज. दुसऱ्या टोकाला टेलिफोन होता आणि गावातल्या चर्चची यादी लावलेली होती. तो टेलिफोनकडे वळला. एका धर्मगुरूने काही नावे दिली, त्या नावांमागून नावे लावत तो हेन्रिएटा सायबर्लिंग या बाईंपर्यंत पोहोचला, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी त्यांनी त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी घालून दिली. डॉक्टर वर्षानुवर्षे पीत होते, बायकोच्या आग्रहाखातर आले होते आणि पंधरा मिनिटांच्या वर बसायचे नाही असे ठरवून आले होते. रात्री अकरा वाजून गेले तरी ते बसलेले होते.

त्या पाच-सहा तासांत नवे काय घडले? डॉक्टरांना दारूचे दुष्परिणाम सांगायची गरज नव्हती. ते स्वतः डॉक्टर होते. उपदेशही त्यांनी भरपूर ऐकला होता. या वेळी समोरचा माणूस त्यांना काही शिकवायला आलेला नव्हता. तो स्वतःची गोष्ट सांगत होता, आणि ती सांगण्याची गरज डॉक्टरांपेक्षा त्याला स्वतःला जास्त होती, कारण ती सांगितली नसती तर तो त्या बारमध्ये बसलेला असता. मदत करणारा आणि मदत घेणारा असा भेद त्या खोलीत उरला नाही. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे ज्याला आपल्याकडे सगळे ‘एए’ म्हणतात, ती संघटना उभी राहिली ती या एका गोष्टीवर.

तिचा स्थापना दिवस म्हणून १२ मे ही भेटीची तारीख धरली जात नाही, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. त्या भेटीनंतर काही आठवड्यांनी डॉक्टर एका वैद्यकीय अधिवेशनाला गेले आणि तेथे पुन्हा पिऊन परतले. सावरले, आणि १० जून १९३५ रोजी त्यांनी शेवटचा घोट घेतला. तोही शस्त्रक्रियेआधी हात स्थिर राहावा म्हणून दिलेली बिअर होती. १० जून हाच ‘एए’चा जन्मदिवस. सुरुवात सांगताना संघटनेने आपल्या संस्थापकाचे घसरणे झाकले नाही. आपल्याकडे एकदा घसरलेल्या माणसाला ‘हा काही सुधारायचा नाही’ म्हणून सोडून देणारे नातेवाईक पाहिले की ही तारीख त्यांना सांगावीशी वाटते.

भारतात ‘एए’ १९५७ पासून आहे. आज मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, गोवा आणि इतरही अनेक गावांत तिचे गट आहेत. मराठी, हिंदी, इंग्रजी, कोंकणी अशा ज्याच्या त्याच्या भाषेत सभा भरतात. चर्चचे सभागृह, महापालिकेची शाळा, रुग्णालयातली एखादी खोली या त्यांच्या जागा. संघटनेच्या संकेतस्थळावर आणि दूरध्वनीवर जवळच्या गटाचा वार आणि वेळ मिळते. काही सभा ‘बंद’ असतात, म्हणजे फक्त दारू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी; काही ‘खुल्या’, तेथे घरचे, डॉक्टर, पत्रकार, कोणीही जाऊन मागे बसू शकतो. वर्गणी नाही, नोंदवही नाही, आडनाव विचारत नाहीत. दारू सोडायची इच्छा एवढीच अट.

पत्ता मिळाला म्हणजे माणूस पोहोचला, असे मात्र होत नाही. कोणी ओळखीचे भेटले तर, ही पहिली भीती. ज्याला सगळ्या चाळीने गटाराशेजारून उचलून आणलेले आहे त्यालाही सभेच्या पायरीवर कोणी पाहू नये असे वाटते. त्यामुळे डोंबिवलीचा माणूस ठाण्याला जातो आणि ठाण्याचा दादरला. कित्येक जण फाटकापर्यंत येतात, समोरच्या टपरीवर एक सिगारेट ओढतात आणि परत जातात. हे त्या गटातल्या जुन्या मंडळींना ठाऊक असते, कारण त्यांनीही तेच केलेले असते. म्हणून सभेच्या वेळी फाटकाशी कोणीतरी उगाच उभे असल्यासारखे उभे असते. घुटमळणाऱ्या माणसाला तो काही विचारत नाही. ‘या, चहा घेऊ,’ एवढेच म्हणतो.

अशा खुल्या सभेला मागच्या बाकावर बसून जे दिसते ते सांगता येईल. जे ऐकू येते ते तेथेच ठेवायचे असते. शाळेतला तिसरीचा वर्ग. बाक लहान मुलांचे, त्यामुळे पन्नाशीतली माणसे गुडघे बाहेर काढून तिरकी बसलेली. फळ्यावर दुपारच्या वजाबाकीचे हातचे तसेच आहेत आणि त्यावरच ‘एए’च्या बारा पायऱ्या, बारा परंपरांचे कापडी फलक दोरीने टांगलेले. टेबलावर थर्मास, बिस्किटांचा पुडा, काही पुस्तिका. बँकेतून थेट आलेला गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक जण, त्याच्या शेजारी रिक्षाचा खाकी शर्ट, पलीकडे नीट इस्त्री केलेला पांढरा सदरा घातलेले एक निवृत्त मास्तर वाटावेत असे गृहस्थ. प्रार्थना होते, थोडे वाचन होते आणि मग एकेक जण उठून पुढे जातो. स्वतःचे पहिले नाव सांगतो आणि आपण मद्यपी आहोत असे म्हणतो. सगळे त्या नावाला नमस्कार करतात. तो बोलत असताना कोणी मध्ये बोलत नाही, बोलून झाल्यावर कोणी सल्ला देत नाही, प्रश्न विचारत नाही. पुढचा उठतो आणि स्वतःचे सांगतो.

परक्या माणसाला चकित करते ते तेथले हसणे. बाटली कुठे लपवायची याची गोष्ट निघाली की सगळा वर्ग हसतो: संडासाच्या टाकीत, तांदळाच्या डब्यात, स्कूटरच्या डिकीत, देवघरामागे. सकाळी तोंडाला वास येऊ नये म्हणून चघळलेल्या वेलच्या, पगाराच्या दिवशी वेगळ्या रस्त्याने घरी येणे, मुलाच्या गुल्लकला घातलेला हात. शेवटच्या गोष्टीला हसणे थांबते. नव्याने आलेला, ज्याला आजवर वाटत होते की इतका हलकट या जगात मी एकटाच, तो मान वर करून बघू लागतो. आई, बायको, साहेब, डॉक्टर, हवालदार या सगळ्यांनी त्याला सांगून झालेले असते. सगळे खरे आणि चांगल्यासाठीच सांगत होते, पण त्यांच्यातल्या कोणी तांदळाच्या डब्यात बाटली लपवलेली नव्हती. शेवटी कापडी पिशवी फिरते, ज्याला हवे तो दहा-वीस रुपये टाकतो. नव्या माणसाने टाकू नयेत असे सांगतात. त्यातून जागेचे भाडे आणि चहा भागतो. बाहेरच्या कोणाचीही देणगी घ्यायची नाही हा नियम आहे, आणि संस्था चालवणाऱ्या आपल्या इतर अनेकांनी त्यापासून शिकावे इतका तो चांगला आहे.

जाताना नव्या माणसाच्या हाती दोन-चार फोन नंबर येतात. पहिला घोट घेतल्यावर फोन करू नको, घ्यायच्या आधी कर, इतकीच सूचना. जन्मभराची शपथ तेथे कोणी मागत नाही. आजचा दिवस प्यायचे नाही. उद्याचे उद्या पाहू. आपल्या राज्यात दारूबंदी कायद्यानुसार दारू पिण्यासाठी परवाना लागतो आणि तो एका दिवसापुरताही मिळतो, हे पुष्कळ पिणाऱ्यांना ठाऊक असते. न पिण्यासाठीही एका दिवसाची मुदत पुरते, हे त्यांना येथे पहिल्यांदा कळते. श्रावणाचा संकल्प आणि ही चोवीस तासांची मुदत यांतला फरक असा, की श्रावण संपतो. ही मुदत रोज सकाळी पुन्हा घेता येते, आणि घेणारा एकटा नसतो. वर्ष पूर्ण झाले की गटात ‘वाढदिवस’ होतो, केक कापला जातो, आणि पुष्कळदा त्या दिवशी बायकोला बोलायला सांगतात. तिला बोलता येत नाही असेच बहुतेक वेळा होते.

या सभांनी काम होते का, हे विचारणे रास्त आहे. २०२० मध्ये कोक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या जगन्मान्य संस्थेने २७ अभ्यास आणि १०,५६५ व्यक्तींची माहिती एकत्र करून पाहिली. दारूपासून सलग दूर राहण्याच्या बाबतीत ‘एए’ आणि माणसाला पद्धतशीरपणे तिच्याशी जोडून देणारे उपचार इतर प्रस्थापित मानसोपचारांपेक्षा सरस ठरले. बाकीच्या बाबतींत ते त्यांच्या बरोबरीचे होते. बहुतेक अभ्यास अमेरिकेतले आहेत, तेव्हा ते जसेच्या तसे आपल्याला लावताना जपून लावावेत. पण ‘दारुडे दारुड्यांना काय शिकवणार’ हा हेटाळणीचा सूर आता तरी थांबावा. सगळ्यांनाच ही वाट मानवते असेही नाही. ‘एए’च्या बारा पायऱ्यांमध्ये उच्चशक्तीचा उल्लेख येतो, तो काहींना खटकतो. ती शक्ती कोणती हे ज्याने त्याने ठरवायचे असते आणि गटालाच ती मानणारेही असतात. तरीही न पटणाऱ्यांसाठी दुसरी दारे महाराष्ट्रातच आहेत. अंधश्रद्धेविरुद्ध आयुष्य वेचणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी साताऱ्यात ‘परिवर्तन’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभे केले. पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने ‘मुक्तांगण’ सुरू केले. तेथे उपचार घेऊन बाहेर पडलेलेच पुढे तेथे समुपदेशक झाले, आणि घरी गेलेल्यांसाठी गावोगावी पाठपुराव्याच्या बैठका सुरू झाल्या. दोन्ही ठिकाणी डॉक्टर आहेत, औषधे आहेत. पण बरा झालेला माणूस शेजारी बसवणे हे तेथेही सोडलेले नाही.

बायकांचे काय, हा प्रश्न येथे टाळता येत नाही. पिणाऱ्याच्या बायकोसाठी, आईसाठी ‘अल-ॲनॉन’ आहे, १९५१ पासून. बिल विल्सन यांच्या पत्नी लोइस यांनी ते काम उभे केले. सभेला गेलेले नवरे आत बोलत असताना त्यांच्या बायका बाहेर एकमेकींशी बोलू लागल्या आणि आपणही आजारी पडलो आहोत हे त्यांच्या ध्यानात आले. नवरा सुटो न सुटो, त्याच्या खिशाची झडती घेत जगणे बंद करायचे, हे तेथे शिकता येते. मुक्तांगणमध्येही अशा पत्नींचा गट आहे. पण स्वतः पिणारी बाई? तिला तीस पुरुषांच्या खोलीत शिरून आपले नाव सांगणे किती कठीण जाईल याची कल्पना कोणालाही करता येईल. २०२० च्या टाळेबंदीत सभा फोनच्या पडद्यावर आल्या तेव्हा अशा काही बायका प्रथमच, दार लावून, आवाज बारीक करून, त्यांत सामील होऊ शकल्या. त्या सभा चालू आहेत, त्या चालू राहिल्या पाहिजेत, आणि आपण पिणाऱ्या पुरुषाला ‘आजारी’ आणि पिणाऱ्या बाईला ‘चारित्र्यहीन’ म्हणतो तोवर त्यांची गरज राहणार आहे.

या सगळ्यात शासनाकडे आणि समाजाकडे मागण्यासारखे काय आहे? दारूबंदीची चर्चा आपल्याकडे जोरात होते. गडचिरोलीत ती १९९३ पासून आहे, चंद्रपुरात २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली, आणि तिच्यासाठी लढलेल्या बायकांचे ऋण मोठे आहे. तो वाद चालू राहील. मागणी याहून लहान आहे आणि उद्यापासून पुरी करता येण्यासारखी आहे. या गटांना जागा लागते, आठवड्यातून एक-दोनदा, संध्याकाळी दीड तास. ‘दारुडे आवारात नकोत’ म्हणून वर्षानुवर्षे चालत आलेल्या सभांना जागा नाकारली गेल्याच्या हकीकती या मंडळींकडून ऐकू येतात. त्या आवारात येणारी ही माणसे गावातली त्या वेळची सर्वांत शुद्धीवर असलेली माणसे असतात. महापालिकांच्या शाळा संध्याकाळी रिकाम्या असतात, ग्रामपंचायतींची सभागृहे रिकामी असतात, सार्वजनिक वाचनालयांच्या वरच्या खोल्या रिकाम्या असतात. भाडे द्यायला गट तयार असतो. फक्त विश्वस्तांनी आणि मुख्याध्यापकांनी हो म्हणायचे आहे.

डॉक्टरांनीही एक करावे. दारूने यकृत सुजलेला माणूस बरा करून घरी पाठवताना ‘आता पिऊ नका’ एवढे सांगून थांबू नये. गटातल्या कोणाला तरी बोलावून, रुग्णालयातच, त्याच्या खाटेशी भेट घडवून द्यावी. ॲक्रनमध्ये पहिल्या दोघांनी तिसरा माणूस रुग्णालयाच्या खाटेवरच गाठला होता. आणि एसटी स्थानकांच्या भिंतीवर ‘नकळत सोडवा’च्या जाहिराती दिसतात तेथे व्यसनमुक्तीचा १४४४६ हा केंद्र सरकारचा निःशुल्क क्रमांक, मनाच्या तक्रारींसाठीचा १४४१६ हा क्रमांक, आणि त्यांच्या खाली त्याच मोठ्या अक्षरांत जवळच्या सभेचा वार, वेळ व पत्ता लिहून घ्यावा. रंगाचा एक डबा आणि एक पेंटर, एवढा खर्च आहे. कोणत्याही नगरपालिकेला तो विसर्जनाच्या आत करता येईल.